छातीतला खड्डा आणि छाती उघडणारा डॉक्टर : फर्डिनांड झाउअरब्रुखची गोष्ट

साल १९१३. अठरा वर्षांचा एक मुलगा झुरिचमधल्या एका सर्जनकडे आला. त्याच्या वडिलांचा घड्याळं बनवायचा कारखाना होता. मुलगा कामाला लागायच्या वयाचा झाला होता, पण त्याच्याकडून काम होत नव्हतं. थोडं काही केलं की दम लागायचा आणि छातीत धडधड सुरू व्हायची. घड्याळाच्या कारखान्यात पोती उचलायची नसतात, बसून बारीक काम करायचं असतं. तेवढंही त्याला झेपत नव्हतं.

कारण शर्ट काढल्यावर लगेच दिसत होतं. त्याच्या छातीच्या मधोमध खोल खड्डा होता.

अशा मुलांना तेव्हा डॉक्टर काय सांगत असतील याचा अंदाज करायला फार डोकं लावावं लागत नाही. जन्मतः असंच आहे, जपून राहा, जड काम करू नका. पण हा मुलगा ज्याच्याकडे आला होता तो सर्जन जपून राहा म्हणणाऱ्यातला नव्हता. त्याचं नाव फर्डिनांड झाउअरब्रुख.

माणसाची छाती उघडून तो जिवंत राहू शकतो, हे जगाला दाखवणाऱ्या मोजक्या लोकांमध्ये या माणसाचं नाव घेतलं जातं. त्याने हजारो जीव वाचवले, हिटलरच्या राजवटीकडून मानसन्मान घेतले, आणि शेवटी हात आणि मेंदू साथ देत नसतानाही सुरी खाली ठेवली नाही. आज एखाद्या मुलाच्या छातीतल्या खड्ड्यावर उपचार होतात, त्याची सुरुवात शोधत गेलं की हा माणूस भेटतोच.

आधी हा खड्डा काय असतो ते बघू

आपल्या छातीच्या मधोमध एक चपटं उभं हाड असतं. त्याला उरोस्थी म्हणतात. दोन्ही बाजूंच्या बरगड्या थेट या हाडाला चिकटलेल्या नसतात, मध्ये कूर्चेचा तुकडा असतो. कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या भागात किंवा नाकाच्या शेंड्याला हाताला लागते ती लवचिक, हाडापेक्षा मऊ गोष्ट.

काही मुलांमध्ये या कूर्चांची वाढ नीट होत नाही आणि उरोस्थी आत ढकलली जाते. छातीला वाटीसारखा किंवा नरसाळ्यासारखा आकार येतो. वैद्यकीय भाषेत याला पेक्टस एक्सकॅव्हेटम म्हणतात. साधारण ३०० ते ४०० जन्मांमागे एका मुलात हे आढळतं आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये बरंच जास्त दिसतं. उलटं झालं, म्हणजे हाड पुढे आलं, तर त्याला पेक्टस कॅरिनेटम म्हणतात. बोलीभाषेत कबुतरासारखी छाती.

लहानपणी खड्डा उथळ असतो, कुणाचं फारसं लक्ष जात नाही. मग मुलगा बारा-तेरा वर्षांचा होतो, उंची भराभर वाढते आणि त्याच काळात खड्डाही खोल होतो. म्हणजे ज्या वयात पोरं आरशासमोर जास्त उभी राहतात, नेमक्या त्याच वयात.

जर्मन भाषेत याचं एक जुनं नाव होतं, त्याचा अर्थ होतो चांभाराची छाती. चांभार दिवसभर बूट छातीशी दाबून धरून काम करतात, त्यामुळे छाती आत जाते, असा लोकांचा समज होता. समज चुकीचा होता. हा दोष कामामुळे होत नाही, तो शरीराच्या वाढीतच असतो आणि अनेकदा एकाच घरातल्या दोघा-तिघांत दिसतो.

योगायोग असा की या खड्ड्यावर इलाज शोधणारा झाउअरब्रुख वाढला तो बूट शिवणाऱ्याच्याच घरात.

चांभाराचा नातू

झाउअरब्रुखचा जन्म ३ जुलै १८७५ चा, जर्मनीतल्या बार्मेन गावचा. हे गाव आता वुपरटाल शहरात गेलंय. वडील कापडाच्या धंद्यात होते. फर्डिनांड जेमतेम दोन वर्षांचा असताना वडील क्षयाने गेले. आई मुलाला घेऊन आपल्या वडिलांकडे, म्हणजे फर्डिनांडच्या आजोबांकडे राहायला गेली. आजोबा चांभारकाम करायचे.

तेव्हाच्या युरोपात क्षय घराघरात होता. तरुण माणसं खोकत खोकत जायची आणि त्यावर औषध नव्हतं. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला तो १८८२ साली, फर्डिनांडचे वडील गेल्यानंतर. त्या जंतूला मारणारं औषध यायला आणखी साठेक वर्षं जायची होती.

फर्डिनांड आधी निसर्गविज्ञान शिकायला गेला, मग वैद्यकाकडे वळला. १९०२ मध्ये लाइपझिगमधून डॉक्टरेट मिळाली. १९०३ मध्ये तो ब्रेस्लाऊला पोचला. आजचं हे पोलंडमधलं व्रोत्सवाफ. तिथे योहान फॉन मिकुलिच-राडेस्की नावाचे सर्जन होते. ऑपरेशन करताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालण्याची सवय रुजवणाऱ्या सुरुवातीच्या सर्जनपैकी ते एक. म्हणजे जागा अगदी योग्य होती.

मिकुलिचना एक प्रश्न सतावत होता. पोट उघडता येतं, डोकं उघडता येतं, मग छाती का नाही?

छाती बंदच का राहिली होती?

फुफ्फुस फुग्यासारखं असतं. मोकळं सोडलं की ते स्वतःहून आक्रसतं. तरी शरीरात ते फुगलेलं राहतं, कारण फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये जी बारीकशी जागा असते तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. हा कमी दाब फुफ्फुसाला भिंतीशी धरून ठेवतो. बरगड्या फाकल्या की फुफ्फुसही ताणलं जातं आणि आपण श्वास घेतो.

आता या भिंतीला भोक पाडलं तर? बाहेरची हवा आत घुसते, कमी दाब संपतो आणि फुफ्फुस मिटून जातं. त्या काळी ऑपरेशन टेबलावर हे झालं की रुग्ण गुदमरायचा. त्यामुळे छातीच्या आतली कामं सर्जन टाळायचे. पोटाचं ऑपरेशन करून नाव कमावणारे मोठमोठे सर्जनसुद्धा बरगड्यांपाशी येऊन थांबत.

झाउअरब्रुखने जे सुचवलं ते ऐकायला सोपं होतं. फुफ्फुस मिटतं ते बाहेरच्या हवेचा दाब जास्त असतो म्हणून. मग बाहेरचाच दाब कमी केला तर?

त्याने हवाबंद पेटी बनवली. प्राण्याचं शरीर पेटीत आणि डोकं बाहेर. मानेभोवती हवा जाणार नाही असा पट्टा. पेटीतली थोडी हवा काढून घ्यायची, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १० मिलिमीटर पाऱ्याइतका कमी होतो. प्राणी श्वास घेतो बाहेरच्या हवेतून, पण त्याची छाती कमी दाबात असते. आता छाती उघडली तरी फुफ्फुस फुगलेलंच राहतं.

कुत्र्यांवर प्रयोग जमले. मग माणसासाठी खोलीएवढी पेटी बांधली गेली. रुग्णाचं डोकं बाहेर, भूल देणाराही बाहेर. रुग्णाचं बाकीचं शरीर, ऑपरेशनचं टेबल, सर्जन आणि मदतनीस हे सगळे आत. दार बंद करून हवा कमी करायची आणि त्या कोंदट खोलीत ऑपरेशन करायचं.

माणसावरचा पहिला प्रयत्न फसला, रुग्ण दगावला. पण नंतरचे प्रयत्न यशस्वी झाले. एप्रिल १९०४ मध्ये बर्लिनमध्ये जर्मन सर्जनांच्या परिषदेत ही पद्धत मांडली गेली. २९ वर्षांच्याही आतल्या या पोराचं नाव सगळ्या युरोपात गेलं.

गंमत म्हणजे ती पेटी फार वर्षं टिकली नाही. त्याच वर्षी लुडॉल्फ ब्राउअर या डॉक्टरने उलटी वाट दाखवली. बाहेरचा दाब कमी करायच्या ऐवजी रुग्णाच्या फुफ्फुसात जाणाऱ्या हवेचा दाबच वाढवायचा. पुढे श्वासनलिकेत नळी घालून हवा देण्याची पद्धत आली आणि ती आजही चालते. खोलीएवढी पेटी गेली संग्रहालयात. पण छाती उघडता येते, हा विश्वास मागे राहिला. सर्जनांच्या हाताला छातीची भीती वाटेनाशी झाली, ती त्या पेटीमुळे.

झुरिच : बरगड्यांचा माणूस

ग्राइफ्सवाल्ड, मारबुर्ग असं करत झाउअरब्रुख १९१० मध्ये झुरिचला प्रोफेसर झाला. स्वित्झर्लंडच्या डोंगरांमध्ये क्षयरोग्यांची आरोग्यधामं भरलेली होती. दावोससारख्या ठिकाणी सगळ्या युरोपातून श्रीमंत रुग्ण हवा खायला यायचे. हवा चांगली होती, पण सगळे बरे होत नव्हते.

क्षयाने फुफ्फुसात पोकळ्या पडत. अशा फुफ्फुसाला विश्रांती मिळाली, ते दबून राहिलं, तर पोकळी भरून यायची शक्यता असते, असं तेव्हाच्या डॉक्टरांना दिसलं होतं. म्हणून झाउअरब्रुख आजारी बाजूच्या बरगड्यांचे तुकडे काढून टाकायचा. आधार गेला की छातीची ती बाजू आत बसायची आणि खालचं फुफ्फुस दबलं जायचं. ऑपरेशन भयंकर होतं, माणूस कायमचा एका बाजूला वाकडा दिसायचा. पण औषध नसलेल्या काळात अनेकांना त्यानेच आयुष्य मिळालं. ज्या रोगाने वडील गेले त्या रोगाशी मुलगा असा लढत होता.

या कामातून त्याला बरगड्या आणि कूर्चा जेवढ्या कळल्या तेवढ्या त्या वेळी फार थोड्या लोकांना कळल्या असतील. किती काढल्या तर छाती किती हलते, कुठला तुकडा गेला तर काय सैल होतं, हे त्याच्या बोटांना माहीत होतं.

आणि मग तो घड्याळवाल्याचा मुलगा आला.

१९१३ चं ऑपरेशन

खड्ड्यावर ऑपरेशन करायचा प्रयत्न त्याआधी एकदा झाला होता. १९११ मध्ये लुडविग मायर या जर्मन सर्जनने एका रुग्णाच्या उजव्या बाजूच्या दोन कूर्चा काढून पाहिल्या होत्या. फरक पडला नाही.

झाउअरब्रुखचं म्हणणं वेगळं होतं. या मुलाचा त्रास म्हणजे दिसण्याचा प्रश्न नाही. आत गेलेलं हाड हृदयावर दाब देतंय, हृदयाला नीट भरायला जागा मिळत नाही, म्हणून हा दमतो. तेव्हा आधी हृदय मोकळं करायचं.

त्याने डाव्या बाजूच्या पाचव्या ते नवव्या बरगडीच्या कूर्चा आणि त्यांना लागून असलेला उरोस्थीचा भाग काढून टाकला. त्या जागी स्नायूचा पदर ओढून घेतला. हे करताना खालचा पडदा फाटला तर फुफ्फुस मिटण्याचा धोका होताच. पण छाती उघडायची सवय असलेल्या माणसाला त्या धोक्याचं काय करायचं ते ठाऊक होतं.

जखम भरली. छातीवर आता हाड नव्हतं, त्यामुळे स्नायूखाली हृदय उडताना बाहेरून दिसायचं. बघणाऱ्याला धडकी भरेल असं दृश्य. पण मुलाचा दम गेला, धडधड गेली. ज्याला साधं काम होत नव्हतं तो दिवसाला १२ ते १४ तास काम करू लागला. तीन वर्षांच्या आत त्याचं लग्नही झालं.

आजच्या कुठल्याही सर्जनला हे ऑपरेशन कच्चं वाटेल, आणि ते कच्चं होतंच. हृदयासमोरचं कवच काढून टाकणं हा काही कायमचा उपाय नाही. पण या एका रुग्णामुळे एक गोष्ट पुढे आली. छातीतल्या खड्ड्याने खरोखर त्रास होऊ शकतो आणि तो त्रास कमी करता येतो. मुलगा आळशी नाही, नाटक करत नाही, त्याच्या हृदयाला जागा कमी पडतेय.

झाउअरब्रुख इथे थांबला नाही. पुढच्या वर्षांत त्याने पद्धत बदलली. हाड काढून टाकायच्या ऐवजी दोन्ही बाजूंच्या बिघडलेल्या कूर्चा काढायच्या, उरोस्थीला आडवा छेद देऊन ती सैल करायची, वर उचलायची आणि बाहेरून ताण देऊन सहाएक आठवडे तशीच धरून ठेवायची. म्हणजे हाड जागेवर बसतं आणि हृदयासमोरचं कवचही राहतं. आजच्या खुल्या ऑपरेशनचा पाया हाच आहे.

हात गेलेले सैनिक, पुढारी आणि बर्लिन

दरम्यान पहिलं महायुद्ध आलं. हात तुटलेले हजारो तरुण परत येत होते. झाउअरब्रुखने झुरिचमधले इंजिनिअर औरेल स्टोडोला यांच्या मदतीने कृत्रिम हात तयार केला. तुटलेल्या हाताच्या उरलेल्या स्नायूंमधून बोगदा करायचा, त्यात हस्तिदंताची खिटी घालायची आणि ती कृत्रिम हाताला जोडायची. स्नायू आवळला की बोटं मिटायची. हा हात झाउअरब्रुखच्या नावानेच ओळखला गेला.

१९१८ मध्ये तो म्युनिकला गेला. फेब्रुवारी १९१९ मध्ये बव्हेरियाचे पंतप्रधान कुर्ट आइस्नर यांची हत्या झाली आणि मारेकऱ्यालाही गोळ्या लागल्या. त्या जखमी मारेकऱ्यावर उपचार केले झाउअरब्रुखने. टेबलावर आलेला माणूस कोण आहे हे बघायचं नाही, असा त्याचा खाक्या.

१९२७ च्या सुमारास तो बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलला आला आणि पुढची वीसहून जास्त वर्षं तिथला राजा झाला. राजा हा शब्द मुद्दाम. ऑपरेशन थिएटरमध्ये तो ओरडायचा, मदतनिसांवर डाफरायचा, आणि तरीही तरुण डॉक्टर त्याच्याकडे शिकायला धडपडायचे. त्यातलाच एक रुडॉल्फ निसेन. १९३१ मध्ये निसेनने तिथे एका १२ वर्षांच्या मुलीचं अख्खं फुफ्फुस काढलं आणि मुलगी वाचली. सत्तावीस वर्षांपूर्वी पेटीत सुरू झालेलं काम इथवर पोचलं होतं.

दोन वर्षांनी निसेन जर्मनी सोडून इस्तंबूलला गेला. तो ज्यू होता.

सुरी, सत्ता आणि गप्प बसणं

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लाइपझिगला जर्मन प्राध्यापकांनी नव्या राजवटीला जाहीर पाठिंबा दिला. त्या व्यासपीठावर झाउअरब्रुख बोलायला उभा होता. १९३४ मध्ये त्याला राज्य सल्लागार हे पद मिळालं. नोबेल घ्यायला हिटलरने बंदी केली आणि त्याऐवजी जर्मन राष्ट्रीय पुरस्कार काढला, तो १९३७ मध्ये झाउअरब्रुखला मिळाला. त्याने घेतला.

नाण्याला दुसरी बाजूही होती. तो पक्षाचा सदस्य झाला नाही. ज्यू चित्रकार माक्स लीबरमन त्याचा मित्र आणि शेजारी होता. १९३५ मध्ये लीबरमन गेला तेव्हा अंत्यविधीला जायची हिंमत फार थोड्यांनी केली, त्यात झाउअरब्रुख होता. १९४० मध्ये अपंग आणि मनोरुग्णांच्या हत्यांविरुद्ध दोन धर्मगुरूंबरोबर तो थेट न्यायमंत्र्यांकडे गेला.

पण याच माणसाने संशोधन परिषदेच्या वैद्यकीय विभागाचा प्रमुख म्हणून पैसे मंजूर केले, आणि त्या पैशातून छळछावणीतल्या कैद्यांवर विषारी वायूचे प्रयोग झाले. लीबरमनच्या अंत्यविधीची गोष्ट सांगताना ही सही विसरून चालत नाही. युद्धानंतर न्यायप्रक्रियेत तो निर्दोष ठरला. इतिहासाने मात्र फाइल बंद केलेली नाही.

ज्याला थांबता आलं नाही

युद्ध संपलं तेव्हा झाउअरब्रुख सत्तरीला आला होता. बर्लिन पडत असताना शारिटेच्या तळघरात त्याने जखमींवर ऑपरेशनं केली. त्यानंतर हळूहळू काहीतरी बिघडायला लागलं.

त्याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक होत होत्या. तो विसरायचा. ऑपरेशन करताना चुका व्हायला लागल्या, सोप्या ऑपरेशनमध्ये रुग्ण जायला लागले. सहकाऱ्यांना दिसत होतं, पण झाउअरब्रुखला सांगणार कोण? ज्याच्या नावावर हॉस्पिटल चालतं, ज्याच्याकडे सगळे शिकले, त्याला सुरी ठेवा असं म्हणायला कुणी धजलं नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही त्याची कीर्ती आड येत होती. एवढा मोठा माणूस काढून टाकला तर लोक काय म्हणतील?

शेवटी डिसेंबर १९४९ मध्ये त्याला शारिटे सोडायला लावलं. तरी त्याने काम थांबवलं नाही. खाजगी दवाखान्यात, घरी, तो रुग्ण घेतच राहिला. नाव ऐकून लोक येत राहिले. २ जुलै १९५१ ला, ७६ वा वाढदिवस एका दिवसावर असताना, तो गेला. पुढे युर्गेन थोरवाल्ड या लेखकाने त्याच्या शेवटच्या वर्षांवर पुस्तक लिहिलं तेव्हा किती जण गप्प राहिले होते ते सगळ्या जर्मनीला कळलं.

छाती उघडायचं धाडस याच माणसाने शिकवलं आणि कधी थांबायचं हे न कळल्याची किंमत याच माणसाच्या रुग्णांनी दिली. विशेष म्हणजे छातीतल्या खड्ड्याच्या उपचाराचा पुढचा इतिहासही याच दोन गोष्टींचा आहे.

झाउअरब्रुखनंतर काय झालं?

१९४९ मध्ये अमेरिकेत मार्क रॅविच या सर्जनने झाउअरब्रुखची पद्धत सुधारून मांडली. बाहेरून ताण द्यायची गरज संपली. पुढची चाळीस-पन्नास वर्षं जगभर रॅविच पद्धतच चालली.

पण काही ठिकाणी उत्साह जास्त झाला. तीन-चार वर्षांच्या मुलांवरही ऑपरेशनं झाली आणि कूर्चा खूप जास्त काढल्या गेल्या. कूर्चेजवळच तर बरगडीची वाढ होते. काही मुलं मोठी झाली पण त्यांची छाती वाढलीच नाही. खड्डा गेला, आणि त्याजागी फुगायला जागाच नसलेला अरुंद, कडक पिंजरा आला. १९९६ मध्ये अमेरिकन सर्जन अॅलेक्स हॅलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी मुलं जगासमोर ठेवली आणि सांगितलं, इतक्या लवकर आणि इतकं मोठं ऑपरेशन करू नका.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात डोनाल्ड नस या मुलांच्या सर्जनला वेगळं सुचलं होतं. मुलांची कूर्चा लवचिक असते, मग ती कापायची कशाला? त्याने दोन्ही कुशीत छोटे छेद देऊन उरोस्थीच्या मागून धनुष्यासारखी वाकवलेली स्टीलची पट्टी सरकवली आणि आत गेल्यावर ती उलटी फिरवली. हाड लगेच वर आलं. पट्टी दोन-तीन वर्षं आत ठेवायची, छाती नव्या आकारात स्थिर झाली की काढून टाकायची. दातांना तारा लावतात तसंच काहीसं. पहिलं ऑपरेशन १९८७ चं, जगाला सांगितलं १९९८ मध्ये. आज खड्ड्यासाठी ही पद्धत सगळीकडे वापरली जाते.

आज एखाद्या मुलाला हा खड्डा असेल तर?

पहिली गोष्ट, बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. खड्डा उथळ असेल आणि त्रास नसेल तर दरवर्षी तपासणी पुरते, विशेषतः उंची वाढण्याच्या वर्षांत.

त्रास कसला बघायचा? बरोबरीची मुलं पळतात तिथे हा लवकर दमतो का, छातीत धडधड होते का, दुखतं का. त्याबरोबर आणखी एक गोष्ट बघायची, जी मुलगा सहसा बोलत नाही. तो पोहायला जायचं टाळतो का, मित्रांसमोर शर्ट बदलत नाही का, खांदे पुढे टाकून वाकून चालतो का. हा त्रासही खराच असतो. त्याला नखरे म्हणून उडवून लावलं तर मुलगा फक्त बोलायचं बंद करतो.

खड्डा किती खोल आहे हे सीटी स्कॅनवर मोजतात. छातीची आतली रुंदी भागिले उरोस्थी आणि मणका यांच्यातलं अंतर. या आकड्याला हॅलर इंडेक्स म्हणतात, १९९६ चा इशारा देणाऱ्या त्याच हॅलर यांच्या नावाने. साधारण माणसात तो अडीचच्या आसपास असतो. ३.२५ च्या वर गेला तर खड्डा खोल समजतात. सोबत हृदयाची इको तपासणी आणि फुफ्फुसाची क्षमता बघतात. निर्णय फक्त एका आकड्यावर घेत नाहीत.

मूल खूप उंच, लांब बोटांचं, सांधे जास्त वाकणारं, जाड चष्म्याचं असेल तर डॉक्टर मार्फान सिंड्रोमचीही तपासणी करतात. कारण त्यात हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी कमजोर असू शकते आणि ते वेळेत कळणं छातीच्या आकारापेक्षा कितीतरी महत्त्वाचं असतं. लहान बाळांमध्ये छातीचा आकार मुडदुसामुळेही बदलू शकतो. तिथे उपाय ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमचा असतो.

जिममध्ये छाती कितीही कमावली तरी आत गेलेलं हाड वर येत नाही. पण पाठीचे आणि खांद्याचे व्यायाम केले की माणूस ताठ उभा राहतो, दम वाढतो आणि खड्डा कमी जाणवतो. त्यामुळे व्यायाम सोडायचा नाही, फक्त त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवायची नाही.

हाड पुढे आलेलं असेल, म्हणजे कबुतरासारखी छाती असेल, तर वाढत्या वयात पट्टा फार उपयोगी पडतो. बाहेरून दाब देणारा हा पट्टा रोज बरेच तास, कित्येक महिने घालावा लागतो. खड्ड्यासाठी छातीवर लावून हवा ओढून घ्यायचा रबरी कप मिळतो, त्याला व्हॅक्यूम बेल म्हणतात. लहान वयात, उथळ आणि लवचिक खड्ड्याला त्याचा फायदा होऊ शकतो. दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. ऑनलाइन मागवून स्वतःच्या मनाने लावायच्या नाहीत.

ऑपरेशन करायचं ठरलं तर ते साधारणपणे किशोरवयात करतात. फार लवकर केलं तर वाढीत खड्डा परत येऊ शकतो, फार उशीर केला तर छाती कडक झालेली असते. पट्टी घातल्यावर सुरुवातीचे दिवस चांगलंच दुखतं, काही महिने धक्का लागणारे खेळ बंद असतात. पट्टी सरकणं, संसर्ग, आणि क्वचित हृदयाला इजा असे धोकेही आहेत. म्हणून ही ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडे जायचं, आणि हे ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, हा प्रश्न त्यांना न लाजता विचारायचा. चांगला सर्जन त्या प्रश्नाचं उत्तर शांतपणे देतो.

झाउअरब्रुखला हा प्रश्न विचारायची कुणाची छाती झाली नसती. १९१३ मध्ये घड्याळवाल्याच्या मुलाने तो विचारला असता तर उत्तर त्याच्या दम लागण्यातच होतं, आणि ऑपरेशन केलं ते बरंच झालं. १९४९ मध्ये शारिटेत टेबलावर झोपलेल्या रुग्णांनाही तो विचारायचा हक्क होता. तेव्हा त्यांच्या वतीने विचारायला कुणी पुढे आलं नाही.